रात्रीचे पाणी आणि उतारवयातील तोल



प्लॉट पाहणीस गेलो असता वयस्कर सभासद बरेचदा म्हणतात, "साहेब, दिवसा काही नाही, पण रात्री दारं धरायला गेलं की झोक जातो." पुष्कळजण 'वय झालं' म्हणून हे सोडून देतात. आमच्या मते ते सोडून देण्यासारखे नाही. साठीनंतर बांधावरून पडून खुब्याचे हाड मोडले, तर काहीजण पुढे पूर्वीसारखे चालतच नाहीत.

डोळे, कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय आणि तळपाय-सांध्यांची जाणीव या तिन्ही ठिकाणांहून मेंदूला बातमी जाते, मग पायाचे स्नायू अंग सावरतात. वयाबरोबर कानातील सूक्ष्म पेशी घटतात, स्नायूंचे बळ ओसरते, तळपाय बधिरतात. साखरेचा आजार असल्यास जास्तच. दिवसा डोळे ही तूट भरून काढतात, म्हणून ती कळत नाही. रात्री अंधारात डोळे निकामी, चिखलात पायाला थांग नाही, उरला कान, तोही थकलेला. मग पाचटात पाय अडकायचाच अवकाश! तोंडाला साबण लावून डोळे मिटल्यावर जो भेलकांडतो, त्याचेही कारण हेच.

तपासणीस खर्च नाही. भिंतीजवळ, शेजारी माणूस ठेवून, अनवाणी एका पायावर १० सेकंद उभे राहावे. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १७०२ लोकांची अशी पाहणी झाली, ती २०२२ साली प्रसिद्ध झाली. पाचांतील एकास हे जमले नाही, व पुढील सुमारे सात वर्षांत अशांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. तोल गेल्यानेच ते दगावले असे नव्हे, पण तोल हा तब्येतीचा आरसा ठरला. आम्ही गट ऑफिसात करून पाहिले. डोळे उघडे असता सर्वजण उभे राहिले. डोळे मिटताच पहिला पाय आमचाच टेकला, वय सत्तेचाळीस!

न जमल्यास घाबरू नये, सरावाने तोल सुधारतो. चौकट धरून रोज एकेका पायावर उभे राहावे, हात न टेकता खुर्चीवरून दहादा उठावे. चक्कर येत असेल, किंवा रक्तदाबाची वा झोपेची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना सांगावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तोवर रात्रीच्या पाण्याला बॅटरीबरोबर काठी घ्यावी, आणि शक्य तर मुलाला धाडावे, तो कुरकुरला तरी.