गोठ्यातला गर्भपात आणि घरातला ताप



आडसाली उसाला लागणीपासून तोडणीपर्यंत दीड वर्ष जाते आणि बिल त्याच्याही मागून येते. मधल्या काळात घर चालते ते दुधाच्या पगारावर. त्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडली की सगळं घर हळहळतं. कुणी म्हणतं पाय घसरला, कुणी म्हणतं नजर लागली. वार अडकते. घरातलाच कुणीतरी उघड्या हाताने ती ओढून काढतो, मेलेलं वासरू ओढ्यात टाकून येतो, आणि हातावर पाणी घेऊन जेवायला बसतो.

काही आठवडे जातात. मग त्याच माणसाला ताप भरू लागतो. रात्री घामाने अंथरूण भिजतं, कंबर धरते, सांधे ठणकतात. डॉक्टर टायफॉईड समजून गोळ्या देतात. ताप उतरतो, पंधरा दिवसांनी पुन्हा येतो. मग मलेरियाची तपासणी, मग शहरातला दवाखाना. गाय गाभडल्याचं डॉक्टर विचारत नाहीत आणि आपणही सांगत नाही. तिकडे गाईवर इलाज करणारे पशुवैद्यक घरात कुणाला ताप आहे का, हे विचारत नाहीत. एकाच रोगाची दोन टोकं दोन दवाखान्यांत पडून राहतात.

या रोगाचं नाव ब्रुसेलोसिस. जनावरांतल्या या रोगाला सांसर्गिक गर्भपात असेही म्हणतात.

दोन दवाखान्यांतलं हे अंतर आजचं नाही. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर इंग्रजांचे सैनिक अशाच येत्या-जात्या तापाने आजारी पडत. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ साली मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जंतू शोधून काढला. पण जंतू येतो कुठून, हे कळायला १९०५ साल उजाडलं. थेमिस्टोक्लीस झामित या माल्टाच्याच डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा उलगडा झाला. त्या शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या. दारोदार नेऊन, दारातच धार काढून त्यांचं दूध विकलं जाई. त्यांच्यावर संशय येणार तरी कुणाला? १९०६ पासून सैनिकांना शेळीचं दूध देणं बंद केलं आणि छावणीतला ताप झपाट्याने उतरला.

इकडे डेन्मार्कात बर्नहार्ड बँग या पशुवैद्यकाला १८९७ सालीच गाभडलेल्या गाईंत एक जंतू सापडला होता. तो गाईचा जंतू, हा माणसाचा जंतू, असे दोन वेगळे संसार वीस वर्षं चालले. हे दोन्ही जवळचे भाऊबंद आहेत, हे अमेरिकेत ॲलिस इव्हान्स या बाईंनी १९१८ साली दाखवलं. त्यावर मोठमोठ्यांनी विश्वास ठेवला नाही. पुढे १९२२ साली काम करता करता बाईंनाच हा रोग जडला आणि वर्षानुवर्षं त्यांचा पिच्छा पुरवत राहिला.

रोगी जनावर गाभडतं किंवा वितं तेव्हा वार, पाणी आणि स्राव यांत जंतूंचा नुसता बुजबुजाट असतो. हातावरच्या बारीक चिरेतून, डोळ्यांतून, श्वासातून तो माणसात शिरतो. (उसाच्या पाल्याने कापलेले हात आपल्यापैकी कुणाचे नसतात?) दुसरी वाट कच्च्या दुधाची. धारोष्ण दुधाचं कौतुक आपल्याकडे फार, पण उकळी आली की हा जंतू मरतो, न उकळता प्यालेल्या दुधातून तो पोटात जातो. डेअरीत दूध तापवून थंड करतात, तिथली काळजी कमी. घरी ठेवलेल्या तांब्याची जास्त.

माणसाचा रोग बरा होतो. मात्र दोन औषधं एकत्र, साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. जंतू शरीराच्या पेशींत लपून बसतो, म्हणून ताप उतरला की गोळ्या सोडणाऱ्याचा रोग उलटतो. हयगय झाली तर मणका धरतो, पुरुषांच्या अंडकोषाला सूज येते, गरोदर बाईचा गर्भ जाऊ शकतो.

गाईचं मात्र तसं नाही. तिला बरं करणारा भरवशाचा इलाज नाही, आणि इथेच खरी अडचण आहे. परदेशांत अशी जनावरं मारून मालकाला भरपाई देतात. आपल्याकडे ते होत नाही. मग माणूस गुपचूप बाजार दाखवतो, आणि रोग दुसऱ्या सभासदाच्या दावणीला जातो. पैसे सुटले असं वाटतं खरं, पण उद्या आपणही त्याच बाजारातून गाय आणणार. अशी गाय वेगळी बांधावी, दूध उकळल्याखेरीज वापरू नये, विताना रबरी मोजे घालूनच हात लावावा. वार आणि मेलेलं वासरू खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावं; कुत्र्यांना सापडलं तर ती ते गावभर ओढत नेतात.

बचाव आहे तो लसीत. केंद्र सरकारने २०१९ साली लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना ही लस एकदाच टोचतात. लस जिवंत जंतूची आहे, म्हणून नराला किंवा गाभण जनावराला देत नाहीत. टोचणाऱ्याच्या बोटात सुई गेली तर तोही आजारी पडू शकतो. तेव्हा कालवड नीट आवळून धरणं हे मालकाचं काम.

माणूस आणि जनावर यांचं आरोग्य एकत्र पाहणारी राष्ट्रीय संस्था नागपुरात व्हावी म्हणून ११ डिसेंबर २०२२ रोजी तिची पायाभरणी झाली. चांगलंच झालं. पण नागपूरचा प्रकाश आपल्या शिवारात पडेपर्यंत कुणी थांबायचं? रोझ बेंगाल नावाची, गुलाबी थेंबाची साधी रक्ततपासणी जनावरालाही चालते आणि माणसालाही. आमची सूचना अशी : गाय गाभडली की सभासदाने गट ऑफिसात किंवा चिटबॉयकडे सांगावं. तिथून एक चिठ्ठी पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि दुसरी प्राथमिक आरोग्य केंद्राला जावी. उसाच्या नोंदीला चिटबॉय बांधाबांधावर फिरतोच, त्याच्या वहीत एक रकाना वाढला तर काय बिघडलं? संचालक मंडळाने दोन्हीकडच्या डॉक्टरांना वर्षातून एकदा तरी एका टेबलाशी बसवावं, हीही विनंती.

तोवर तापाच्या रुग्णाने केसपेपर काढतानाच सांगावं, "डॉक्टर, गोठ्यात गाय गाभडली होती, वार मी काढली." पशुवैद्यकांनाही घरातला ताप सांगावा. आणि नवी गाय बाजारातून आणली तर रक्ततपासणीचा निकाल हाती येईपर्यंत तिला जुन्या दावणीला बांधू नये.