नागसेनवनाची कमाई

एखाद्या महाविद्यालयाने काय कमावले हे मोजायची आपल्याकडची रीत ठरलेली आहे. किती कलेक्टर झाले, किती कुलगुरू, किती आमदार, एवढे मोजून झाले की अमृतमहोत्सवी स्मरणिका तयार होते. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) मिलिंद महाविद्यालयाला २०२५ साली पंचाहत्तर वर्षे झाली, आणि त्याची यादीही या मापाने कमी भरणारी नाही. पण या मापात मिलिंदचे वेगळेपण हाती लागत नाही. तिथल्या परंपरेत माणसाची कारकीर्द आणि त्याच्या समाजाचे भले हे दोन वेगळे हिशेब नव्हते. ज्या प्रश्नांनी घरादाराला पिढ्यानपिढ्या गांजले, तेच प्रश्न तिथल्या चांगल्या माणसांनी आपल्या अभ्यासाचा आणि नोकरीचा विषय केले. ही कमाई पदांच्या यादीपेक्षा मोठी आहे असे माझे म्हणणे आहे.

मिलिंद कुठे उभे राहिले ते आधी पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. दुसरे महाविद्यालय त्यांनी पुण्यात किंवा नागपुरात काढले असते तर कोणाला नवल वाटले नसते. त्यांनी निवडले औरंगाबाद. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली, तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच. उस्मानिया विद्यापीठ हैदराबादला आणि तिथले शिक्षण उर्दूतून. मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ झाले ते १९५८ मध्ये. बीडच्या मुलाला पदवी घ्यायची तर घर सोडून शेकडो मैल जायचे, आणि तो मुलगा महारवाड्यातला असेल तर जाऊन राहायचे कुठे हा प्रश्न अंतराहून मोठा. (बीड शहरात रेल्वे पोहोचायला २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला, यावरून तेव्हाच्या प्रवासाची कल्पना यावी.) जून १९५० मध्ये मिलिंद सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १ सप्टेंबर १९५१ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली आणि नागसेनवन हा मिलिंदचा परिसर आकाराला येऊ लागला. वर्गाइतकेच महत्त्व तिथे वसतिगृहाला होते. १९४४ पासून सुरू झालेली भारत सरकारची शिष्यवृत्ती आणि ते वसतिगृह, या दोन गोष्टींवर बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादच्या खेड्यांतली मुले टिकली. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला की खानावळीची उधारी वाढायची, पण घरी परतायची वेळ पुष्कळांवर आली नाही.

अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर काळ्यांसाठी जी महाविद्यालये निघाली, त्यांच्याशी मिलिंदची तुलना आपोआप सुचते. वॉशिंग्टनचे हॉवर्ड आणि अटलांटाचे मोरहाउस, दोन्ही १८६७ ची. हॉवर्डमधून कायद्याची पदवी घेतलेले थरगूड मार्शल शाळांतल्या वंशविभाजनाविरुद्धचा खटला जिंकून पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मोरहाउसमधून १९४८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग बाहेर पडले. टोनी मॉरिसनही हॉवर्डच्याच. बाबासाहेबांना हे जग अपरिचित नव्हते. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते, आणि ड्यू बॉइस स्वतः फिस्क या अशाच विद्यापीठाचे पदवीधर. पुढे मिलिंदचे प्राचार्य झालेले म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि काळ्यांच्या साहित्याची ओळख त्यांनी इथल्या लिहिणाऱ्या पोरांना करून दिली. लातूरच्या जनार्दन वाघमारे यांनी त्याच साहित्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा तिच्या नावामागची अमेरिका मराठवाड्यातल्या वाचणाऱ्यांना समजावून सांगावी लागली नाही.

साहित्याच्या बाजूला नागसेनवनाने जे केले त्याला मराठीत तोड नाही. मिलिंदमध्ये शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ काढले आणि पन्नासेक वर्षे ते नेटाने चालवले. मोठ्या प्रकाशकांच्या दारी न जाता खेड्यातला शिक्षक, बँकेतला कारकून, एसटीतला वाहक पोस्टाने कविता पाठवू शकेल असे ते ठिकाण होते. लेखक जमवणे, त्यांना वाचक मिळवून देणे, त्यांच्यावर समीक्षा लिहून घेणे ही सगळी कामे एका प्राध्यापकाच्या घरून चालत. त्याच पानतावण्यांना २००९ मध्ये अमेरिकेतल्या सॅन होजे इथे झालेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. ज्या साहित्याला साहित्य म्हणायचे की नाही यावर विद्वान वाद घालत होते, त्याचा संपादक जगभरच्या मराठी माणसांच्या मांडवात अध्यक्ष म्हणून बसला. पुढच्या पिढीतल्या कृष्णा किरवले यांनी आंबेडकरी शाहिरीवर संशोधन केले. गावच्या जलशात ढोलकीवर गायले गेलेले कवन विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आले ते अशा माणसांमुळे.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत ठोस पुरावा मात्र अर्थशास्त्रात सापडतो. सुखदेव थोरात अमरावती जिल्ह्यातले. बी.ए. मिलिंदमधून केले, पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक झाले, २००६ ते २०११ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. स्मरणिका इथे थांबेल. थोरातांनी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांच्याबरोबर केलेली पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून निवडल्या आणि प्रत्येक जाहिरातीला सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा: एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटणारे, एक दलित, एक मुस्लिम. अशा ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज गेले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. अमेरिकेत काळ्यांच्या नावांवर अशीच पाहणी थोडी आधी झाली होती. आडनाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटते हे महारवाड्यातल्या प्रत्येक पदवीधराला ठाऊक होते. ते आकड्यांत मांडून धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर ठेवायचे काम मिलिंदच्या विद्यार्थ्याने केले.

यावर पहिला आक्षेप जुना आहे आणि तो खुद्द बाबासाहेबांनीच घेतला होता. १८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या भाषणात त्यांनी शिकलेल्या लोकांबद्दल उघड निराशा व्यक्त केली. शिकला तो शहरात गेला, कॉलनीत बंगला बांधला आणि गाव विसरला, ही तक्रार आजही बीडच्या कोणत्याही वस्तीत ऐकू येईल. ती खोटी नाही. पण २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळू लागली, तेव्हा काय झाले हेही पाहावे. शहरातला नोकरदार आणि गावातला मजूर यांना त्या आगीने एकाच बाजूला उभे केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे ती चळवळ चालली ती विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या बळावर. नोकरदारांच्या वर्गणीशिवाय आणि प्राध्यापकांच्या लेखणीशिवाय एवढा लांबचा लढा कोण ओढणार होते? निराशेचा सूर लावणाऱ्यांनी या सोळा वर्षांचा हिशेब कधी नीट मांडलेला नाही.

दुसरा आक्षेप वेगळेपणाचा: आपल्याच लोकांचे महाविद्यालय काढले की मुले कोंडवाड्यात वाढतात. हा आक्षेप मिलिंदला लागूच होत नाही. त्याचे दार सर्वांना उघडे होते, आणि पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस दलित समाजातले नव्हते. तिथे दलित मुलगा पाहुणा नव्हता, एवढाच काय तो फरक. तिसरा आक्षेप अधिक जड आहे. या शिक्षणाचा लाभ मुख्यतः एका जातीला झाला, मातंग आणि इतर जाती मागे राहिल्या, मुली तर फार उशिरा आल्या. हे मान्य करावेच लागते. २००३ मध्ये मातंग समाजासाठी लहुजी साळवे आयोग नेमावा लागला. १ ऑगस्ट २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उपवर्गीकरणाचा वाद महाराष्ट्रातही तापला आहे. तरीही वाट अडवली गेली असे म्हणता येत नाही. बीड जिल्ह्यातल्या दुकडेगावात पोतराजाच्या घरी जन्मलेले एकनाथ आवाड (१९५६–२०१५) हे मातंग समाजातले. शिकले, पँथरमध्ये आले, आणि १९९० मध्ये मानवी हक्क अभियान उभारून मराठवाड्यातल्या गायरान जमिनींचा प्रश्न हाती घेतला. गायरानावरची जुनी अतिक्रमणे कायम करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला, पण कागदावरचा हक्क सातबाऱ्यावर आणण्यासाठी तलाठ्याच्या दारात आणि शेताच्या बांधावर भांडावे लागले. ते भांडण आवाडांनी गावोगाव नेले. नागसेनवनाने पेटवलेली भूक एका आवारात आणि एका जातीत राहिली नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आज बीडमधल्या ज्या मुलाला मिलिंदसारख्या आधाराची सर्वाधिक गरज आहे त्याचे आईवडील दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन ऊसतोडीच्या कोयत्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तो दलित असेल, वंजारी असेल, मराठा किंवा बंजारा असेल. त्याच्यासाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना काढली, एकूण ८२ वसतिगृहांची. राहायची सोय ही मिलिंदने शिकवलेली पहिली गोष्ट, आणि ती योजनेत आली आहे. दुसरी गोष्ट आलेली नाही. वानखडे आणि पानतावणे पूर्णवेळ प्राध्यापक होते. पगार निश्चित होता, म्हणून संध्याकाळी पोरांच्या कविता वाचायला त्यांना वेळ होता. आजचा तरुण प्राध्यापक सीएचबीवर, तासाच्या हिशेबाने, सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या. जूनमध्ये आपली ऑर्डर पुन्हा निघेल की नाही हे त्याला मार्चमध्ये माहीत नसते. वसतिगृहाच्या खोलीत बसलेल्या मुलाने लिहिलेली पहिली कविता त्याच्या हातात पडलीच, तर तो ती बसस्टँडवर वाचील.