आबांची लय

आमच्या घरातली हार्मोनियम आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. तिच्यावर त्यांनी 1974 साली कचेरीच्या स्नेहसंमेलनासाठी एक चाल बांधली होती. शब्दही त्यांचेच. दादऱ्यातलं, तीन अंतऱ्यांचं गाणं. ते कधी कुठे ध्वनिमुद्रित झालं नाही आणि तबल्यावर साथ करणारे त्यांचे मित्र आता हयात नाहीत. त्यामुळे माझा मुलगा जेव्हा म्हणाला, "आबा, तुमचं गाणं मी गेममध्ये घालतो," तेव्हा सगळ्यांत आधी कान टवकारले ते मी.

हा गेम म्हणजे 'क्लोन हीरो'. 2005 साली अमेरिकेत 'गिटार हीरो' आला, त्याच धर्तीवर हौशी मंडळींनी केलेला हा फुकटचा गेम. पडद्यावर पाच रंगांच्या टिकल्या धावत येतात, त्या ठरलेल्या रेषेवर पोचल्या की नेमक्या क्षणी बटण दाबायचं. (फिनलंडच्या 'फ्रेट्स ऑन फायर'ने 2006 मध्येच त्यासाठी संगणकाचा कीबोर्ड गिटारसारखा हातात धरायला लावला होता. आमच्याकडेही तेच चालतं.) यात गाणं स्वतःचंही घालता येतं. फक्त वाद्य वेगळं आणि गळा वेगळा मुद्रित केलेला बरा, कारण खेळणाऱ्याचा नेम चुकला की तेवढं वाद्य गप्प होतं आणि बाकीचं गाणं पुढे जातं.

मग एका रविवारी दुपारी पंखा बंद, खिडक्या बंद, गोधड्यांचं कपाट मुद्दाम उघडं, म्हणजे आवाज घुमत नाही. कुकरला सुट्टी. मुलाने आबांच्या कानावर हेडफोन चढवला आणि त्यात ठोक्यांची टकटक सुरू केली. आबा गायले, पण गाणं कसं, रांगेत उभं राहिल्यासारखं! दोन ओळींतच त्यांनी हेडफोन काढला.

"मी याच्या मागे चालायचं, की याने माझ्या?"

मुलाची अडचणही खरी होती. गेमला मात्रा कळतात त्या आकड्यांत. एक आकडा ठरवून टिकल्या मांडल्या आणि गाणारा पुढे सरकला, तर दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत टिकल्या कुठे नि सूर कुठे!

शेवटी टकटक गेली, कानात फक्त तानपुरा राहिला. आबा मोकळेपणी गायले आणि सवयीने मांडीवर थाप देत राहिले. नंतर स्वतःचाच गळा कानात ऐकत त्यांनी पेटी वाजवली. मध्येच पुटपुटले, "हा गवई थांबत का नाही?"

ती मांडीवरची थाप मी चूक समजत होतो, पण तिनेच आम्हाला तारलं. संगणकाच्या पडद्यावर आवाजाच्या रेषेत प्रत्येक थापेचं टोक उभं दिसत होतं. मुलाने तीन रात्री बसून प्रत्येक आवर्तनाच्या समेवर खूण केली आणि लय तिथे तिथे बदलली. सुरुवातीला मिनिटाला 152 मात्रा, तिसऱ्या अंतऱ्यात 168.

"सात सुरांना पाचच रंग?" आबांनी टिकल्या बघून विचारलं. सूर चढला की टिकली उजवीकडे, उतरला की डावीकडे, एवढाच त्यातला हिशेब. आबांना तो फारसा पटला नाही. मलाही नाही. पण पेटीचा लांबलेला सूर टिकलीच्या लांब शेपटीत दिसला तेव्हा ते जरा पुढे सरकून बसले.

पहिल्यांदा खेळताना मुलगा तिसऱ्या अंतऱ्यात अडखळला. पेटी नाहीशी झाली, आबांचा आवाज तेवढा पुढे जात राहिला. त्यांची बोटं टीपॉयवर आपोआप चालू लागली. पुन्हा खेळला, पुन्हा तिथेच अडखळला.

"आबा, इथे तुम्ही एकदम घाई करता."

"करणारच. त्या दिवशी पंगत मांडली होती, लोक उठायला लागले होते. म्हणून आम्ही दोघांनी लय वाढवली. तेव्हापासून ते तसंच बसलं."

"मग सरळ करू का? संगणकात होतं."

"नको," आबा म्हणाले, "राहू दे. तू पकड."