ट्रकचालकांचे पेन्शन आणि मालकबदल : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेकडील आणि दक्षिणेकडील राज्यांत मालवाहतुकीचे ट्रक चालविणारे, टीमस्टर्स या बलाढ्य कामगार संघटनेचे हजारो सभासद २०१५ साली एका पत्राने हादरून गेले. त्यांच्या सेंट्रल स्टेट्स पेन्शन फंडाने सरकारदरबारी कपातीचा अर्ज रुजू केला होता, आणि तो मंजूर झाला असता तर कित्येकांचे मासिक निवृत्तिवेतन निम्म्याहूनही खाली आले असते. जे अद्याप नोकरीत होते त्यांच्यापुढे पेच असा, की कपात सोसून आहे त्याच मालकाकडे राहावे, की संघटनेबाहेरच्या एखाद्या कंपनीत जाऊन उरलेल्या वर्षांत नव्याने पुंजी जमवावी. हा निर्णय ज्या समजुतींच्या आधारे घेतला जात होता त्यांतील बऱ्याचशा अर्धवट होत्या, आणि अर्धवट समजुतीची किंमत उतारवयात चुकती करावी लागते. म्हणून त्या एकेक करून तपासणे अगत्याचे आहे.

पहिली समजूत अशी, की पेन्शन हे मालकाचे देणे असून मालक सोडला की ते बुडाले. १९५५ साली स्थापन झालेला हा फंड कोणा एका मालकाचा नाही. अनेक वाहतूक कंपन्या कामगार संघटनेशी झालेल्या कराराप्रमाणे त्यात वर्गणी भरतात, आणि चालक एका वर्गणीदार मालकाकडून दुसऱ्याकडे गेला तरी त्याची सेवेची वर्षे एकाच खात्यात जमा होत राहतात. तो या वर्तुळाच्या पूर्णपणे बाहेर गेला, तरीही किमान पाच वर्षांची सेवा भरली असल्यास मिळविलेल्या निवृत्तिवेतनावरील त्याचा हक्क कायम राहतो. त्याच्या हातून जाते ती पुढील वर्षांची भर. आणि कधीकधी वयोमर्यादेपूर्वी निवृत्त होणाऱ्यास मिळणारी वाढीव सवलतही, कारण डबघाईस आलेल्या फंडांना अशा सवलती काढून घेण्याची मुभा २००६ च्या कायद्याने दिली आहे. ज्याने पन्नाशीतच ट्रकवरून उतरण्याचा बेत केला होता त्याच्या दृष्टीने ही सवलत क्षुल्लक नव्हे, हे विसरता कामा नये.

दुसरी समजूत याच्या नेमकी उलट आणि अधिक घातक : नोकरी सोडली म्हणजे कपातीतून सुटका झाली. २०१४ साली अमेरिकन काँग्रेसने जो कायदा केला त्याने मिळविलेल्या निवृत्तिवेतनालाही कात्री लावण्याची वाट मोकळी केली, आणि ती कात्री नोकरीत असलेला, सोडून गेलेला व निवृत्त झालेला या तिघांवरही चालू शकत होती. अपवाद होता तो ऐंशी वर्षे पूर्ण केलेल्यांचा व अपंगांचा. पंचाहत्तरीपुढील लोकांना अंशतः संरक्षण होते. परंतु या कायद्याचे खरे मर्म त्याने ठरविलेल्या क्रमात आहे. जे मालक फंडातून बाहेर पडले आणि बाहेर पडताना कायद्याने लागू असलेले देणे पूर्णपणे चुकते न करता दिवाळखोरीत निघाले, त्यांच्या पदरी केलेल्या सेवेवर कपात सर्वांत आधी आणि परवानगी असेल तितकी कमाल, त्यानंतर इतरांवर, आणि ज्या मालकाने सर्व देणे फेडून शिवाय आपल्या कामगारांची तूट भरून देण्याचा करारही केला, त्याच्याकडील सेवेवर सर्वांत शेवटी. हे शेवटचे वर्णन लागू पडते ते प्रामुख्याने यूपीएस या वाहतूक कंपनीला, जी २००७ साली ६१० कोटी डॉलर भरून फंडातून बाहेर पडली. म्हणजे एकाच महामार्गावर तीस वर्षे ट्रक हाकणाऱ्या दोन चालकांपैकी एकाचे पेन्शन जवळजवळ शाबूत राहिले असते आणि दुसऱ्याचे निम्म्याहून कमी झाले असते. आणि फरक इतकाच, की दुसऱ्याचा मालक बुडाला होता. दिवाळे मालकाचे आणि शिक्षा चालकाला, ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते, आणि कायद्याच्या भाषेने ती सौम्य होत नाही. आता नवा मालक शोधून या मागील हिशेबात तिळमात्र फरक पडणार नव्हता, कारण तो हिशेब जुन्या मालकांच्या नावावर आधीच लिहिला गेला होता.

सरकारी हमी आहे, तेव्हा चिंता कशाला, असेही अनेक जण म्हणत. पेन्शन म्हणजे सरकारी खजिन्यातून येणारे वेतन, अशी सवय झालेल्या आपल्याकडील वाचकासही तसेच वाटेल. या संयुक्त फंडांसाठी सरकारी विमा महामंडळाची हमी आहे खरी, पण तिची कमाल मर्यादा सेवेच्या प्रत्येक वर्षामागे दरमहा ३५.७५ डॉलर इतकीच. तीस वर्षे सेवा केलेल्यास महिना १,०७२.५० डॉलर, मग त्याचे ठरलेले पेन्शन तीन हजार का असेना. आणि हमी देणाऱ्या या महामंडळाचा संयुक्त फंडांसाठीचा निधीसुद्धा २०२५ च्या सुमारास संपुष्टात येईल असे त्याचेच अंदाज सांगत होते.

हा फंड गुंडांनी लुटला म्हणून बुडाला, ही कथा लोकप्रिय आहे. तिच्यात तथ्यांश आहे : संघटनेचा अध्यक्ष जिमी हॉफा याला १९६४ साली याच फंडाच्या कर्जव्यवहारातील फसवणुकीबद्दल दोषी ठरविण्यात आले होते. तथापि १९८२ पासून फंडाची गुंतवणूक न्यायालयीन हुकूमनाम्याखाली बाहेरच्या व्यवस्थापकांकडे आहे. त्यानंतरच्या ऱ्हासाची कारणे निराळी आहेत. १९८० च्या कायद्याने मालवाहतुकीवरील सरकारी नियंत्रण उठले, दरांची जीवघेणी स्पर्धा सुरू झाली आणि वर्गणीदार कंपन्या एकामागून एक बंद पडल्या. एकेकाळी एका निवृत्तामागे चार कामकरी होते, ते प्रमाण उलटून एका कामकऱ्यामागे जवळजवळ पाच निवृत्त वा नोकरी सोडलेले सभासद झाले. त्यात २००८ च्या बाजारातील पडझडीची भर पडली. वर्गणीपेक्षा सुमारे २०० कोटी डॉलर दर वर्षी अधिक वाटावे लागत असता कोणताही व्यवस्थापक किती काळ तगणार?

पेन्शन सुरू करून घ्यावे आणि मग दुसऱ्या कंपनीचा ट्रक धरावा, हा तोडगाही सरसकट चालत नाही. त्याच उद्योगात, त्याच धंद्याचे, त्याच प्रदेशात काम पुन्हा धरल्यास पेन्शन तहकूब करण्याचा अधिकार कायद्याने फंडांना दिलेला आहे. म्हणून नव्या नोकरीपूर्वी फंडाचे नियम लेखी मागवून घेणे हेच शहाणपणाचे.

शेवटी, जे कपात झालीच असे मानून चालतात त्यांच्याविषयी. सेंट्रल स्टेट्सचा अर्ज ६ मे २०१६ रोजी फेटाळला गेला. फंड त्या योजनेने वाचेल अशी वाजवी खात्री नाही, कपातीची वाटणी न्याय्य नाही आणि सभासदांना पाठविलेल्या सूचना समजण्याजोग्या नाहीत, अशी तीन कारणे अर्थखात्याने दिली. न्यूयॉर्क राज्यातील टीमस्टर्सचे नशीब मात्र निराळे होते : तेथे १ ऑक्टोबर २०१७ पासून निवृत्तांच्या पेन्शनमधून २९ टक्के आणि नोकरीतील चालकांच्या मिळकतीतून १८ टक्के प्रत्यक्ष कापले गेले. २०२१ च्या कायद्याने अशा फंडांना परतफेड न मागणारे साहाय्य देऊन कापलेली रक्कम पूर्ववत करणे भाग पाडले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सेंट्रल स्टेट्ससाठी सुमारे ३,६०० कोटी डॉलर जाहीर झाले. हे साहाय्य मिळविलेले पेन्शन वाचविण्यासाठी आहे, वाढविण्यासाठी नाही. पुढील वर्षांची भर पूर्वीप्रमाणेच मालकाच्या वर्गणीवर अवलंबून आहे. त्याचा प्रत्यय लवकरच आला. जी यलो ही वर्गणीदार वाहतूक कंपनी २००९ मध्ये वर्गणी थांबवून २०११ मध्ये पूर्वीच्या चतुर्थांश दराने परतली होती, ती २०२३ च्या जुलैअखेर बंद पडली आणि संघटनेचे सुमारे २२,००० सभासद बेकार झाले. मालक बदलावा की नाही हा विचार करण्याची मुभाही त्यांना उरली नाही. त्यांचे मागील वर्षांचे पेन्शन सुरक्षित आहे. पण ज्यांना संघटनेबाहेरच्या कंपनीत काम मिळाले, त्यांच्या फंडातील खात्यात पुढे एकही वर्ष जमा होणार नाही.