एकनाथ शिंदे यांची निवडणूक कारकीर्द

एकनाथ संभाजी शिंदे (जन्म : ९ फेब्रुवारी १९६४) हे महाराष्ट्रातील राजकारणी असून २००४ पासून ते महाराष्ट्र विधानसभेचे सदस्य आहेत. २००४ मध्ये ते ठाणे मतदारसंघातून, तर २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये कोपरी-पाचपाखाडी मतदारसंघातून निवडून आले. जून २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात ते राज्याचे मुख्यमंत्री होते. ५ डिसेंबर २०२४ रोजी त्यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. पाचही विधानसभा निवडणुका त्यांनी शिवसेनेच्या धनुष्यबाण या चिन्हावर लढवल्या. मात्र २०२४ च्या निवडणुकीपूर्वी हे चिन्ह व पक्षाचे नाव कोणाचे, हा प्रश्न निवडणूक आयोग, सर्वोच्च न्यायालय आणि विधानसभा अध्यक्ष यांच्यासमोर गेला होता.

== पार्श्वभूमी ==

शिंदे यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील दरे हे होय. त्यांचे कुटुंब ठाण्यात स्थायिक झाले. उमेदीच्या काळात त्यांनी काही काळ रिक्षा चालवली. वागळे इस्टेट परिसरातील किसननगर येथे शिवसेनेचे शाखाप्रमुख म्हणून त्यांच्या राजकीय कार्यास १९८० च्या दशकात सुरुवात झाली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावरील आंदोलनात त्यांनी कारावासही भोगला.

शिवसेनेच्या इतिहासात ठाण्याला विशेष स्थान आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाला सत्ता प्रथम मिळाली ती १९६७ मध्ये ठाणे नगरपालिकेत. पुढे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांनी शाखांच्या जाळ्यातून पक्षसंघटना जिल्हाभर रुजवली. दिघे यांनी स्वतः कधीही निवडणूक लढवली नाही. उमेदवार निवडणे व त्यांना निवडून आणणे हे काम मात्र त्यांच्याभोवती केंद्रित होते. शिंदे हे याच संघटनेत घडलेले कार्यकर्ते होत.

== ठाणे महानगरपालिका (१९९७–२००४) ==

१९९७ मध्ये शिंदे ठाणे महानगरपालिकेवर नगरसेवक म्हणून प्रथम निवडून आले. २००० मध्ये त्यांच्या दोन मुलांचा अपघातात मृत्यू झाल्यानंतर त्यांनी राजकारणापासून दूर होण्याचा विचार केला होता. दिघे यांच्या आग्रहामुळे ते पुन्हा कार्यरत झाले आणि २००१ मध्ये त्यांच्याकडे महापालिकेतील सभागृह नेतेपद आले. २६ ऑगस्ट २००१ रोजी दिघे यांचे निधन झाले. २००२ च्या महापालिका निवडणुकीत शिंदे दुसऱ्यांदा विजयी झाले.

== विधानसभेत प्रवेश आणि मतदारसंघांची पुनर्रचना ==

ऑक्टोबर २००४ च्या निवडणुकीत शिंदे ठाणे मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले. २००५ मध्ये त्यांच्याकडे पक्षाचे ठाणे जिल्हाप्रमुखपद देण्यात आले. दिघे यांच्याप्रमाणे त्यांच्याकडे संघटनेचे पद आले. मात्र शिंदे त्याच वेळी निवडून आलेले लोकप्रतिनिधीही होते.

२००८ मध्ये अमलात आलेल्या पुनर्रचनेत ठाणे जिल्ह्यातील मतदारसंघांचे स्वरूप बदलले. ठाणे शहर परिसरात कोपरी-पाचपाखाडी, ओवळा-माजिवडा, ठाणे आणि मुंब्रा-कळवा असे विधानसभा मतदारसंघ झाले, तर कल्याण हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ अस्तित्वात आला. कोपरी-पाचपाखाडी (क्रमांक १४७) हा ठाणे लोकसभा मतदारसंघाचा भाग आहे. रेल्वेमार्गाच्या पूर्वेकडील कोपरी, पश्चिमेकडील पाचपाखाडी तसेच वागळे इस्टेट व किसननगर हे भाग त्यात येतात. त्यामुळे ज्या परिसरात शाखाप्रमुख म्हणून सुरुवात झाली, तोच परिसर शिंदे यांच्या नव्या मतदारसंघात आला.

२००९ मध्ये या मतदारसंघात झालेल्या पहिल्या निवडणुकीत शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांची युती होती. शिंदे यांना ७३,५०२ आणि काँग्रेसचे मनोज शिंदे यांना ४०,७२६ मते मिळाली.

== २०१४ : युतीविना निवडणूक ==

सप्टेंबर २०१४ मध्ये शिवसेना-भाजप युती तुटली. त्याच सुमारास काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांची आघाडीही संपुष्टात आली आणि चारही प्रमुख पक्षांनी निवडणूक स्वतंत्रपणे लढवली. कोपरी-पाचपाखाडीत शिंदे यांचे मुख्य प्रतिस्पर्धी यावेळी भाजपचे संदीप लेले होते. शिंदे यांना १,००,३१६, तर लेले यांना ४८,४४७ मते मिळाली. मित्रपक्षाची साथ नसतानाही २००९ च्या तुलनेत शिंदे यांची मते सुमारे २७ हजारांनी वाढली.

निवडणुकीनंतर भाजपने सरकार स्थापन केले आणि शिवसेना आरंभी विरोधी बाकांवर बसली. नोव्हेंबर २०१४ मध्ये शिंदे विधानसभेतील विरोधी पक्षनेते झाले. शिवसेना सरकारमध्ये सामील झाल्यावर ५ डिसेंबर २०१४ रोजी त्यांनी मंत्रिपदाची शपथ घेतली. त्यांच्याकडे सार्वजनिक बांधकाम (सार्वजनिक उपक्रम) हे खाते देण्यात आले.

== कल्याण-डोंबिवली ==

आनंद परांजपे २००९ मध्ये शिवसेनेच्या उमेदवारीवर कल्याण लोकसभा मतदारसंघातून निवडून आले होते. ते पुढे राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले. २०१४ मध्ये शिवसेनेने तेथे शिंदे यांचे पुत्र डॉ. श्रीकांत शिंदे यांना उमेदवारी दिली. त्यांनी परांजपे यांचा सुमारे अडीच लाख मतांनी पराभव केला. २०१९ व २०२४ मध्येही ते याच मतदारसंघातून विजयी झाले. त्यामुळे एकनाथ शिंदे यांचे राजकीय कार्यक्षेत्र ठाणे शहरापुरते मर्यादित न राहता कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर व अंबरनाथ या पट्ट्यापर्यंत विस्तारले.

या पट्ट्यात शिवसेनेची भाजपशी दीर्घकाळ स्पर्धा आहे. राज्यात दोन्ही पक्ष एकत्र सत्तेत असताना २०१५ ची कल्याण-डोंबिवली महानगरपालिका निवडणूक मात्र त्यांनी परस्परांविरुद्ध लढवली. प्रचारादरम्यान भाजपकडून शिवसैनिकांवर अन्याय होत असल्याचे सांगत शिंदे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा पक्षप्रमुख उद्धव ठाकरे यांच्याकडे देऊ केला. तो स्वीकारला गेला नाही. निकालात शिवसेनेला ५२ आणि भाजपला ४२ जागा मिळाल्या. कोणालाही बहुमत नसल्याने दोन्ही पक्षांना पुन्हा एकत्र यावे लागले. याउलट २०१७ च्या ठाणे महानगरपालिका निवडणुकीत शिवसेनेने १३१ पैकी ६७ जागा जिंकून स्वबळावर बहुमत मिळवले.

== २०१९ ==

२०१९ ची विधानसभा निवडणूक शिवसेना व भाजप यांनी पुन्हा युती करून लढवली. शिंदे यांना १,१३,४९७, तर काँग्रेसचे संजय घाडीगावकर यांना २४,१९७ मते मिळाली. निकालानंतर मुख्यमंत्रिपदाच्या वाटपावरून युती तुटली आणि शिवसेना, राष्ट्रवादी काँग्रेस व काँग्रेस यांची महाविकास आघाडी सत्तेवर आली. शिंदे हे शिवसेनेच्या विधिमंडळ पक्षाचे गटनेते होते. नव्या सरकारात त्यांच्याकडे नगरविकास खाते आले.

== पक्षातील फूट आणि सदस्यत्वाचा प्रश्न (२०२२–२०२४) ==

२० जून २०२२ रोजी झालेल्या विधान परिषद निवडणुकीनंतर शिंदे समर्थक आमदारांसह सुरतला व तेथून गुवाहाटीला गेले. २९ जून रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला आणि ३० जून रोजी भाजपच्या पाठिंब्याने शिंदे मुख्यमंत्री झाले. ४ जुलै रोजी त्यांच्या सरकारने विधानसभेत १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला.

या घडामोडींमुळे शिंदे यांची आमदारकीच प्रश्नांकित झाली. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीतील पक्षांतरबंदीच्या तरतुदींनुसार ठाकरे गटाने शिंदे यांच्यासह १६ आमदारांना अपात्र ठरवण्याची मागणी केली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने धनुष्यबाण हे चिन्ह तात्पुरते गोठवले आणि ठाकरे गटाला मशाल, तर शिंदे गटाला ढाल व दोन तलवारी हे चिन्ह दिले. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोगाने शिवसेना हे नाव व धनुष्यबाण शिंदे गटाला बहाल केले. या निर्णयात २०१९ चे निकाल हा महत्त्वाचा आधार होता. पक्षाच्या ५५ विजयी उमेदवारांना मिळालेल्या एकूण मतांपैकी सुमारे ७६ टक्के मते शिंदे यांच्या बाजूच्या ४० आमदारांची असल्याचे आयोगाने नमूद केले. ठाकरे गटाचा आक्षेप असा होता की ही मते पक्षाच्या नावावर मिळालेली असून आमदारांच्या संख्येवरून पक्षाची मालकी ठरवता येत नाही.

११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला. प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, तसेच राज्यपालांनी बहुमत चाचणीचा दिलेला आदेश समर्थनीय नव्हता, असे न्यायालयाने म्हटले. मात्र ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार पुन्हा स्थापित करता येणार नाही, असेही स्पष्ट केले. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांवर सोपवण्यात आला. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गट हाच मूळ शिवसेना पक्ष असल्याचा निर्णय देऊन दोन्ही बाजूंच्या अपात्रता याचिका फेटाळल्या. त्यामुळे शिंदे यांचे विधानसभा सदस्यत्व कायम राहिले.

== २०२४ ==

लोकसभा निवडणुकीत शिंदे यांच्या पक्षाचे नरेश म्हस्के यांनी ठाण्यात ठाकरे गटाचे तत्कालीन खासदार राजन विचारे यांचा, तर श्रीकांत शिंदे यांनी कल्याणमध्ये त्याच गटाच्या वैशाली दरेकर-राणे यांचा दोन लाखांहून अधिक मतांनी पराभव केला.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या विधानसभा निवडणुकीत कोपरी-पाचपाखाडी येथे ठाकरे गटाने आनंद दिघे यांचे पुतणे केदार दिघे यांना उमेदवारी दिली. दिघे यांचा वारसा दोन्ही बाजू सांगत असल्याने या लढतीकडे विशेष लक्ष होते. धनुष्यबाण व मशाल यांच्यात झालेल्या या लढतीत शिंदे यांना १,५९,०६० आणि दिघे यांना ३८,३४३ मते मिळाली. राज्यात शिंदे यांच्या शिवसेनेने ५७ आणि ठाकरे गटाने २० जागा जिंकल्या. लगतच्या मुंब्रा-कळवा मतदारसंघात मात्र महायुतीला यश मिळाले नाही. तेथे राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाचे जितेंद्र आव्हाड विजयी झाले.

== कोपरी-पाचपाखाडीतील निकाल ==

* २००९ – शिंदे ७३,५०२, मनोज शिंदे (काँग्रेस) ४०,७२६, मताधिक्य ३२,७७६
* २०१४ – शिंदे १,००,३१६; संदीप लेले (भाजप) ४८,४४७; मताधिक्य ५१,८६९
* २०१९ – शिंदे १,१३,४९७, संजय घाडीगावकर (काँग्रेस) २४,१९७, मताधिक्य ८९,३००
* २०२४ – शिंदे १,५९,०६०, केदार दिघे (शिवसेना – उद्धव बाळासाहेब ठाकरे) ३८,३४३, मताधिक्य १,२०,७१७

प्रत्येक निवडणुकीत मताधिक्य वाढले असले, तरी त्या वाढीचे स्वरूप एकसारखे नाही. २०१९ मध्ये मताधिक्य ३७,४३१ ने वाढले. त्यात शिंदे यांच्या वाढलेल्या मतांचा वाटा १३,१८१ होता. उर्वरित वाढ दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराची मते घटल्यामुळे झाली. २०१४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर असलेला भाजप २०१९ मध्ये युतीत होता. २०२४ मध्ये याउलट दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला २०१९ पेक्षा १४,१४६ मते अधिक मिळाली, तरीही शिंदे यांची स्वतःची मते ४५,५६३ ने वाढल्यामुळे मताधिक्य एक लाखाच्या पुढे गेले. चारही निवडणुकांत त्यांच्या मुख्य प्रतिस्पर्ध्याला ५० हजार मतांचा टप्पा गाठता आलेला नाही.