औषध अंगवळणी पडते तेव्हा

माझी खाला वसमतला असायची. कर्करोगाने तिला अंथरुणाला खिळवले, तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी मॉर्फीनच्या गोळ्या लिहून दिल्या. सुरुवातीला एका गोळीने तिला झोप लागे. पुढे तीच गोळी पुरेना. डॉक्टर मात्रा वाढवायला तयार होते. घाबरलो आम्ही घरचे. 'ही तर अफू, सवय लागेल' म्हणून आम्ही गोळ्या मोजून, लांबवून दिल्या. तिचे शेवटचे दिवस कण्हण्यात गेले. आमचे काय चुकले, ते फार उशिरा कळले.

औषध तेच, मात्रा तीच, पण गुण कमी. याला वैद्यकात 'टॉलरन्स' म्हणतात. मराठीत 'सह्यता' म्हणता येईल. आपल्या घरगुती बोलीत, औषध अंगवळणी पडते. मॉर्फीन मेंदूतल्या पेशींवरच्या ज्या जागांना चिकटून वेदना शमवते, त्या जागा रोजच्या सान्निध्याने कमी दाद देऊ लागतात. दारूच्या बाबतीत यकृतही ती लवकर निकालात काढायला शिकते.

१९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या कित्येक आया तान्ह्या बाळांना अफूची 'बाळागोळी' देत. बाळ निपचित पडून राही. अफूच ती, तिचीही शरीराला सवय होते, आणि मात्रा चुकली तर श्वास बंद पडतो.

अंगवळणी पडलेले सुटतेही. नायट्रोग्लिसरीन हाताळणाऱ्या स्फोटकांच्या कारखान्यांत नव्या कामगारांचे डोके ठणके, काही दिवसांत थांबे आणि रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी पुन्हा ठणके. अफूजन्य नशेचे व्यसन काही महिने सुटलेला माणूस पुन्हा जुन्याच मात्रेकडे वळला, तर म्हणूनच प्राणावर बेतते. मधल्या काळात शरीराची ती तयारी ओसरलेली असते.

इथे तीन गोष्टींची गल्लत होते. मात्रा वाढवावी लागणे ही सह्यता. औषध एकदम तोडल्यावर घाम, जुलाब, तळमळ होणे हे शरीराचे अवलंबन. नुकसान दिसत असूनही त्याच्याच मागे धावणे, ते व्यसन. पहिल्या दोन गोष्टी वेदनेसाठी नियमाने औषध घेणाऱ्या कुणालाही होऊ शकतात. त्याला व्यसनी म्हणू नये. शिवाय कर्करोगात मात्रा वाढते, तेव्हा पुष्कळदा मूळ दुखणेच वाढलेले असते. सगळेच अंगवळणी पडते असेही नाही. मॉर्फीनने होणारा मलावरोध हटत नाही, त्यावर वेगळे औषध लागते.

अमली पदार्थांचा कायदा १९८५चा. त्याच्या धाकाने मॉर्फीन रुग्णांपर्यंत पोचणे अवघड झाले होते. २०१४च्या दुरुस्तीने ती वाट सोपी केली. घरातली भीती मात्र कायद्याने जात नाही. गोळी पुरेनाशी झाली, तर आपल्या मनाने वाढवू नका, तोडू नका, लपवूही नका, डॉक्टरांना सांगा.

खालाने सारे मुकाट सोसले. ते डॉक्टरांच्या कानावर घालणे एवढेच आमच्या हातात होते, आणि तेवढेच राहिले.