पेंडीचा भाव, सोयाबीनचा भाव

दसरा-दिवाळीच्या सुमारास परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सोयाबीनचे ढीग लागतात. व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली फोडून ओल पाहतो आणि भाव बोलतो. भाव त्यानेच पाडला, असं शेतकऱ्याला वाटतं. खरं तर तो घरून निघतानाच मोबाइलवर लातूरकडच्या तेल प्लांटांचे दर पाहून आलेला असतो. त्यातून गाडीभाडं, हमाली, ओलाव्याची घट आणि स्वतःचा नफा वजा केला की उरतो तो मोंढ्यातला भाव.

मग प्लांट दर कशावरून काढतो? एका क्विंटल सोयाबीनमधून साधारण 18 किलो तेल आणि 80 किलोच्या आसपास पेंड निघते. समजा, तेल 110 रुपये किलो आणि पेंड 40 रुपये. तेलाचे झाले 1980, पेंडीचे 3200. सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो खरं, पण या हिशेबात मोठा वाटा पेंडीचा आहे. पेंड किलोमागे पाच रुपयांनी उतरली की क्विंटलमागे 400 रुपये गेले. प्लांट ते स्वतःच्या खिशातून भरत नाही, दाण्याचा दर तेवढा खाली आणतो.

ही पेंड मुख्यतः कोंबड्या खातात. म्हणजे पुण्या-मुंबईत अंडी-चिकन घेणारा माणूस जिंतूर-सेलूच्या शेतमालाचं गिऱ्हाईक आहे. दोघांनाही त्याचा पत्ता नाही!

पण पोल्ट्रीवाल्याला सोयाबीनचं प्रेम नाही. त्याला स्वस्त प्रथिनं हवीत. 2021 मध्ये पेंड कडाडली तेव्हा या धंद्याने आयातीची मागणी लावून धरली आणि ऑगस्टमध्ये केंद्राने 12 लाख टन पेंड आणायला परवानगी दिली. पुढे इथेनॉलचे कारखाने वाढले. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, त्याला धंद्यात डीडीजीएस म्हणतात. त्यातही प्रथिनं भरपूर आणि भाव पेंडीपेक्षा कमी. कोंबडीखाद्याच्या कारखान्यांनी पेंडीचं प्रमाण घटवलं. गाडीच्या टाकीत जाणाऱ्या इंधनाने सोयाबीनचं गिऱ्हाईक असं पळवलं. 2024-25 च्या हंगामात हमीभाव 4892 रुपये होता आणि मोंढ्यातले सौदे त्याच्या खालीच होत होते. हमीभाव केंद्रावर विकायचं तर 12 टक्के ओलाव्याची अट होती. ती नंतर 15 पर्यंत सैल केली.

इथेनॉलने मक्याला मात्र मागणी आणली. 2025 च्या खरिपात देशभरात सोयाबीनचा पेरा घटला, मक्याचा वाढला. खाद्य कारखाना आपलं मिश्रण आठवड्यात बदलू शकतो. शेतकऱ्याला पुढच्या मृगापर्यंत थांबावं लागतं. हाताशी पैसा असेल तो पोती घरात रचून संक्रांतीपर्यंत भावाची वाट पाहतो. ज्याच्यावर कृषी केंद्राची उधारी आहे, तो मळणी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मोंढ्याच्या फाटकावर ट्रॅक्टर लावतो.